उद्धार, माहेर आणि समूह

‘उद्धार’ या शब्दाविषयी आम्हांला नेहमीच थोडी शंका वाटत आली आहे. त्यात उद्धारकर्ता ठळक दिसतो. जिचा उद्धार व्हायचा, ती वाक्यात कर्म म्हणूनच उरते. हा नुसता व्याकरणाचा मुद्दा नव्हे, हे मुंबईच्या १९९६ सालच्या इतिहासात दिसते.

त्या वर्षी फेब्रुवारीत पोलिसांनी मुंबईच्या वेश्यावस्त्यांवर छापे घालून चारशेहून अधिक मुली व स्त्रियांना सोडवले. त्यांतल्या दोनशेहून अधिक नेपाळच्या होत्या. कित्येक तर अल्पवयीन. त्यांची रवानगी शासकीय निवासगृहांत झाली. अनैतिक व्यापारविषयक १९५६ च्या कायद्यात अशा दोन वास्तू आहेत : संरक्षण गृह आणि सुधार संस्था. पहिलीत सोडवलेली स्त्री, दुसरीत शिक्षा झालेली. मात्र सतराव्या कलमान्वये दंडाधिकारी पहिलीलाही एक ते तीन वर्षे गृहात ठेवू शकतात. गुन्हा नाही, तरी मुदत आहेच! दलाल दाराशी टपलेला असता दार सताड उघडे ठेवता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आत कोंडलेल्या मुलीला कुंटणखान्याचे कुलूप आणि गृहाचे कुलूप यांत फरक कसा कळावा?

नेपाळ सरकार त्यांना परत घेण्यास कचरत होते. एक अडचण नागरिकत्वाच्या पुराव्याची, दुसरी एचआयव्हीच्या भयाची. महिने गेले. अखेर जुलैत तेथील स्वयंसेवी संस्थांनीच सव्वाशेच्या आसपास मुलींना काठमांडूस नेले. त्या संस्थांत अनुराधा कोइराला यांनी १९९३ साली स्थापलेली ‘माइती नेपाल’ही होती. नेपाळीत माइत म्हणजे माहेर, माइती म्हणजे माहेरची माणसे. आमच्या ‘सुधारगृहा’पेक्षा हा शब्द किती मायेचा! (अर्थात, ओळखीच्यांनी किंवा नातलगांनीच विकलेल्या मुलीच्या कानी तो कसा पडत असेल, हा प्रश्न उरतोच.) शिवाय माहेर झाले तरी तिथे लेक पाहुणीच.

परतलेल्यांपैकी काहीजणींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ उभा केला. नावात उद्धार नाही, गृह नाही. नागरिकत्वाची कागदपत्रे नसल्याने संस्थेची नोंदणी होईना. ती झाली २००० साली. संस्थापकांपैकी चारिमाया तामांग यांनी १९९७ साली स्वतःला विकणाऱ्यांविरुद्ध फिर्याद दाखल केली. पुढे समूहाने स्वतःची निवासगृहे काढली. तिथे नव्याने आलेल्या मुलीला सांभाळणारी बाई त्याच वाटेने आलेली असे; काय विचारायचे आणि काय कधीच विचारायचे नाही, हे तिला कोणी शिकवावे लागत नसे.

२०१३ साली या समूहाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या वाक्यात त्या बायका कर्त्याच्या जागी होत्या.