केवड्याचा मुलूख

केवड्याविषयी आपल्याकडे जे काही सांगितले जाते त्याचा आरंभ बहुधा शिवपुराणातल्या कथेने होतो : ज्योतिर्लिंगाचा अंत लागला अशी खोटी साक्ष केतकीने ब्रह्मदेवाच्या बाजूने दिली आणि शंकराच्या पूजेतून ती बहिष्कृत झाली. ही कथा इतकी रूढ आहे, आणि वेणीत माळलेल्या पातीचे व बनात दडलेल्या नागाचे कौतुक इतके जुने आहे, की ज्या झुडपाने किनाऱ्याची वाळू आणि खाडीकाठचे बांध पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवले व ज्याच्या फुलावर एका दूरच्या जिल्ह्यात मोठा व्यापार उभा राहिला, त्याला लौकिक इतिहासही आहे याचा आपल्याला विसर पडतो.

हे झुडूप मुख्यतः समुद्राच्या सान्निध्यातले. खोडापासून फुटलेली जाड मुळे तिरपी खाली उतरून वाळूत रोवली जातात. लांबलचक पाने खोडाभोवती मळसूत्रासारखी चढत जातात. आणि प्रत्येक पानाला काट्यांच्या तीन रांगा असतात, दोन कडांना आणि तिसरी पाठीमागच्या मधल्या शिरेवर. नर आणि मादी झाडे निराळी. आपण ज्याला केवडा म्हणून देवापुढे ठेवतो ते नर झाडाचे कणीस, फिकट पिवळसर पातींत गुंडाळलेले. मादीला गाठागाठींचे, पिकल्यावर केशरी होणारे फळ धरते, पण तो घमघमाट तिच्यापाशी नाही.

पानावरचे हे काटे अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या नजरेतून सुटले नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आईन-इ-अकबरीत बादशाही खुशबूखान्याची हकिकत देताना त्याने केतकी आणि केवडा या दोहोंचे वर्णन केले आहे; त्यात काटे आहेत, चौथ्या वर्षी फूल येते ही नोंद आहे, मुळांशी माती चढवण्याची रीत आहे, फूल सुकल्यावरही वास टिकतो म्हणून लोक ते कपड्यांत ठेवतात हे आहे, आणि दख्खन, गुजरात, माळवा व बिहार हे त्याचे मुलूखही सांगितले आहेत. माती चढवली जात होती याचा अर्थ उघड आहे : सोळाव्या शतकात केवडा हा केवळ रानातून तोडून आणण्याचा माल राहिला नसून त्याची लागवड आणि निगा चालू होती. पुढे 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅम येथे छापल्या गेलेल्या ‘होर्तुस मलाबारिकुस’ या प्रचंड ग्रंथात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या केवड्याच्या जाती ‘कैदा’ या नावाखाली दिल्या. त्या ग्रंथाच्या सिद्धतेत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोचीनचे तीन कोकणी वैद्य सामील होते, आणि त्यांचे नागरी अक्षरांतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे.

आपल्या बाजूचा धागा शोधायचा तर परशुराम कृष्ण गोडे यांच्याकडेच जावे लागते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांच्या सहवासात आयुष्य घालवलेल्या या विद्वानाने ‘गंधवाद’ नावाच्या ग्रंथाचे मराठी टीकेसह हस्तलिखित उजेडात आणले आणि त्याचा काळ सुमारे 1350 ते 1550 यांच्या दरम्यान ठरवला. सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याची विद्या मराठीत समजावून देण्याची गरज त्या काळी कोणाला तरी भासली होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

घरोघरी मात्र ही विद्या ग्रंथावाचून चालत आली. तिळांत फुलांचे थर देऊन, वास मुरल्यावर ते तीळ घाण्याला लावीत. केवड्याचा कात करण्याची रीत तर त्याहून नाजूक : ताज्या कणसाच्या पाती हलक्या हाताने उकलायच्या, आतल्या परागाला धक्का न लावता काताची पूड थरांमध्ये भरायची, पाती पुन्हा मिटवून दोऱ्याने घट्ट बांधायच्या, आणि कणीस सुकेपर्यंत ते तसेच ठेवायचे. असा कात ज्याने विड्याला लावला आहे त्याला बाजारातला कात रुचत नाही.

परंतु खरा व्यापार वाढला तो पूर्व किनाऱ्यावर, 1936 पर्यंत मद्रास इलाख्यात असलेल्या आणि नंतर ओरिसात गेलेल्या गंजाम जिल्ह्यात. ऋषिकुल्येच्या मुखापासून छत्रपूर, गोपाळपूरच्या आसपासच्या गावांत केवडा शेताच्या बांधावर कुंपण म्हणून वाढत असे. फूल तोडल्यावर वास उडू लागतो, म्हणून ते कनौजला नेण्याऐवजी कनौजच्या अत्तरवाल्यांनी भट्ट्याच गंजामला आणल्या. पहाटे लांब बांबूला विळा बांधून फुले उतरवायची, ती वजनावर नव्हे तर नगावर मोजून द्यायची, आणि दिवस चढण्याच्या आत तांब्याच्या देगेत पाण्यासह घालायची. देगेचे तोंड मातीने लिंपून बंद करतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात उतरते. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते आणि ते दिवसागणिक नव्या फुलांचा गंध पिऊन घेते. भपका किती तापला हे कारागीर हात लावून ओळखतो, आणि त्यावर जाळ वाढवतो वा कमी करतो. चंदनावाचून काढलेला अर्क म्हणजे रूह, आणि उरते ते केवड्याचे पाणी. बांधावरच्या काटेरी झुडपाचे रोख पैसे होतात हे दिसल्यावर रयतेने नर झाडांच्याच फांद्या लावल्या.

मग तेच झुडूप कोकणात कुंपणापुरतेच का राहिले? माझ्या मते त्याचे उत्तर जमिनीत नसून दळणवळणात आहे. केवडा भराला येतो तो ऐन पावसाळ्यात; त्या महिन्यांत मुंबईच्या आगबोटी बंद असत, बंदरे मिटलेली असत, घाटवाटा चिखलाने आणि दरडींनी अडलेल्या असत. गंजाममधून मद्रास-कलकत्त्याच्या बाजूचा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातच गेला. कोकणात रेल्वे सर्वत्र पोचायला 1998 साल उजाडले. धोधो पावसात भट्टीसाठी सुके जळण राखणेही सोपे नव्हते. त्यामुळे आपला केवडा गणपतीच्या पत्रीपर्यंत, वेणीपर्यंत, फार तर तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला.

गंजामचेही सारे सुरळीत नाही. चंदन महागल्यावर पुष्कळ भट्ट्यांत त्याची जागा खनिज तेलाने घेतली, कृत्रिम गंध स्वस्त मिळू लागला, आणि या मालाचे मोठे गिऱ्हाईक होते ते जर्दा व पानमसाल्याचे कारखाने. 12 ऑक्टोबर 2013 रोजी फायलिन वादळ गोपाळपूरपाशीच किनाऱ्याला धडकले. तरीही गंजामच्या केवड्याला भौगोलिक संकेताची नोंद मिळाली आहे, आणि तिथे केवडा हे पीक म्हणून मोजले जाते. आपल्याकडे वाळूवर सुरूची लागवड झाली, बांध दगडी झाले, आणि पर्यटकांसाठी किनारा मोकळा करताना सर्वांआधी तोडले जाते ते हेच काटेरी झुडूप. हे मला सहन होत नाही. खाडीकाठच्या ज्या बांधांवर ही बने अजून उभी आहेत तिथली नर झाडे हेरून त्यांच्या फांद्या लावणे हे काम ग्रामपंचायतींच्या आवाक्यातले आहे, आणि फुलासाठी तीन-चार वर्षांहून अधिक वाट पाहावी लागत नाही.