वेबपत्त्याची फोड

वेबपत्ता कुठे तोडायचा हे सांगणारी भाषा वेबहून जुनी आहे. मॅककलक आणि पिट्स यांनी १९४३ साली मज्जापेशींच्या जाळ्याची गणिती प्रतिकृती मांडली होती. असे जाळे कोणकोणते घटनाक्रम ओळखू शकेल, हे लिहून दाखवण्यासाठी अमेरिकन गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये एक लेखनपद्धती घडवली. तीच ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’. तिच्यातील ‘शून्य किंवा कितीही वेळा’ सांगणारी चांदणी आजही क्लीनींच्या नावाने ओळखली जाते. १९६८ मध्ये बेल लॅब्जच्या केन थॉम्पसन यांनी या पद्धतीने संगणकावर मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली.

वेबपत्त्याची रचना टिम बर्नर्स-ली यांची. इंटरनेटचे नियम ‘आरएफसी’ नावाच्या दस्तऐवजांत नोंदवले जातात. ऑगस्ट १९९८ च्या आरएफसी २३९६ मध्ये बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मॅसिंटर यांनी परिशिष्टात एक ओळ दिली. २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्येही ती कायम राहिली :

^(([^:/?#]+):)?(//([^/?#]*))?([^?#]*)(\?([^#]*))?(#(.*))?

वाचकांनी बिचकू नये. अर्थ इतकाच : अपूर्णविरामापर्यंत पद्धत, दोन तिरक्या रेघांनंतर यजमानाचे नाव, मग प्रश्नचिन्हापर्यंत वाट, हॅशपर्यंत विचारणा, उरलेला तो पानातला ठिकाणा. ओळीत एकही अक्षर नाही, सगळी चिन्हेच. त्यामुळे २०१४ पासून मिळू लागलेल्या ‘.भारत’ पत्त्यालाही ती तशीच लागू पडते.

मात्र ही ओळ कशालाच नकार देत नाही. ‘शुभ दीपावली’ एवढेच लिहून दिले, तरी ती ते मुकाट्याने ‘वाट’ या रकान्यात टाकते. तिचे काम फोड करण्याचे. पत्ता खरा की खोटा हे पारखण्याचे नव्हे. तिच्या भरवशावर राहून पुढची तपासणी गाळली, तर ठगाचे फावते. ‘//माझीबँक@उदाहरण.भारत/खाते’ या पत्त्यात बँकेचे नाव आधी दिसते. पण @ च्या आधीचा मजकूर केवळ वापरकर्त्याचे नाव असतो, आपण पोहोचतो ते ‘उदाहरण.भारत’वर. या फसवणुकीबद्दल आरएफसी ३९८६ नेच सावध केले आहे.

मोबाइलवर अनोळखी दुवा आला, तर दोन तिरक्या रेघांपासून पुढच्या तिरक्या रेघेपर्यंतचा, ती नसल्यास प्रश्नचिन्ह वा हॅशपर्यंतचा तुकडा वेगळा काढावा. त्यात @ असेल, तर त्याच्या पुढचेच नाव खरे यजमान समजावे.