पवनचक्की आधी आली, नियम मागून आला

साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेल परिसरातल्या पवनचक्क्या आता धुळे जिल्ह्याची ओळख झाल्यात. पण आयुष्य संपल्यावर त्या उतरवायच्या कोणी आणि टाकायच्या कुठे, हे कोणी विचारत नाही. म्हणून थोडा इतिहास बघू.

देशातल्या पहिल्या पवनचक्क्या १९८६ साली किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. त्यात आपलं रत्नागिरी होतं. यंत्रं छोटी, ५५ किलोवॅटची. धुळ्यात मोठ्या पात्यांच्या रांगा लागल्या त्या २००० नंतर. मग २०१३ मध्ये साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. पवनचक्कीचं आयुष्य २० ते २५ वर्षं धरतात, पॅनलचं साधारण २५. हिशोब सोपा आहे. जुन्या पवनचक्क्यांची मुदत २०३० च्या आसपास भरते, शिवाजीनगरच्या लाखो पॅनलची २०३८ च्या सुमारास.

आता नियमांच्या तारखा बघा. सौर पॅनल ई-कचऱ्याच्या नियमांत आलं २०२२ साली, अंमल १ एप्रिल २०२३ पासून. म्हणजे शिवाजीनगरची पॅनल बसून दहा वर्षं झाल्यावर! त्यातही उत्पादकांना सांगितलंय काय, तर २०३४-३५ पर्यंतचा पॅनलचा कचरा नोंद ठेवून साठवा. पात्यांसाठी तर या नियमांत वेगळं प्रकरणच नाही.

आपल्याकडे भंगाराची व्यवस्था नवीन नाही. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, या गिरण्यांचा काळ संपला, पण लोखंडाला गिऱ्हाईक कायम होतं. पवनचक्कीचा मनोरा, तांबं, गिअरबॉक्सही भंगारवाला आनंदाने नेईल. पात्याचं काय? ते काचतंतू आणि इपॉक्सीचं. ते वितळत नाही, म्हणून सहज विकतही नाही. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्परला अशी शेकडो पाती कापून जमिनीत पुरली. पॅनलचंही तसंच. वजनाने जवळपास तीन चतुर्थांश काच. ॲल्युमिनियमची चौकट लगेच विकली जाते, चांदी अगदी थोडी, आणि बऱ्याच पॅनलच्या जोडकामात शिसं असतं. चौकट काढून उरलेलं बांधावर फेकलं, तर नुकसान आपल्याच मातीचं.

हे फक्त मोठ्या प्रकल्पांचं नाही. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू आहे. शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के, आणि पाच वर्षांची दुरुस्ती हमी. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत लागलेला पंप सहाव्या वर्षी वादळात मोडला, तर फुटलेलं पॅनल परत घेणार कोण?

सौरऊर्जेला, पवनऊर्जेला विरोध करण्यासाठी हे लिहिलेलं नाही. वीज पाहिजेच, दिवसा पाहिजे. पण वीस वर्षांपूर्वी करार करताना शेवटाचा विचार मागे राहिला. आता जुन्या पवनचक्क्या काढून त्याच जागी मोठ्या बसवण्याचं केंद्राचं धोरण आहे. पहिलं २०१६ चं, सुधारित डिसेंबर २०२३ चं. म्हणजे नवे करार होणार. तेव्हा गावाने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: यंत्र कोण उतरवणार, माल कुठे नेणार आणि त्यासाठी अनामत रक्कम किती ठेवणार.

सही करण्याआधी विचारलं तरच उत्तर मिळतं. नंतर कंपनी बदलते, मालक बदलतो. जमीन मात्र आपलीच राहते.