दहनसंस्कार : आवश्यक कागदपत्रे, व्यवस्था आणि नोंदणी

सोळा संस्कारांतील अखेरचा संस्कार म्हणजे अंत्येष्टी. भारतात हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांत बहुतांशी मृतदेहाचे दहन केले जाते. मृत्यूनंतरच्या अवघ्या काही तासांत शोकाकुल कुटुंबीयांना अनेक निर्णय घ्यावे लागतात. त्यांपैकी बरेचसे पुढे बदलता येतात; दहन मात्र बदलता येत नाही. देह अग्नीच्या स्वाधीन झाल्यावर मृत्यूच्या कारणाची फेरतपासणी जवळजवळ अशक्य होते. म्हणूनच आवश्यक दाखले दहनापूर्वीच हाती असणे महत्त्वाचे ठरते.

डॉक्टरांचे प्रमाणपत्र

सर्वप्रथम लागते ते मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र. रुग्णालयात मृत्यू झाल्यास ते नमुना क्रमांक ४ मध्ये, तर घरी मृत्यू झाल्यास नमुना क्रमांक ४ अ मध्ये दिले जाते. घरी मृत्यू झाला असेल तर अखेरच्या आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. असे डॉक्टर उपलब्ध नसल्यास आणि मृतदेह रुग्णालयात न्यावा लागल्यास पोलिसांना कळविण्याची व शवविच्छेदनाची वेळ येऊ शकते. त्यामुळे दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या उपचारांची कागदपत्रे घरात एकत्र ठेवणे हिताचे असते.

मृत व्यक्तीचे नाव, वय आणि पत्ता ओळखपत्राशी जुळतो की नाही, हे तेथेच तपासून घ्यावे. याच नोंदींवरून पुढे मृत्यूचा दाखला तयार होतो. बँक, विमा, निवृत्तिवेतन आणि वारसा यांची कामे त्यावरच अवलंबून असतात. नावातील एका अक्षराची चूकही महिनोन्‌महिने हेलपाटे घालावयास लावते.

नेत्रदान करावयाचे असल्यास निर्णय तातडीने घ्यावा लागतो. मृत्यूनंतर साधारणपणे सहा तासांच्या आत नेत्रपटल काढून घेणे आवश्यक असते. नेत्रपेढीचे पथक येईपर्यंत मृताच्या पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके किंचित उंच करावे आणि पंखा बंद ठेवावा.

पोलिसांची परवानगी केव्हा?

अपघात, आत्महत्या, विषबाधा, भाजणे, सर्पदंश किंवा संशयास्पद मृत्यू असल्यास पोलिसांना कळविणे आवश्यक असते. अशा मृत्यूची चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ नुसार होत असे. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार होते. पंचनामा आणि आवश्यक तेथे शवविच्छेदन झाल्यावर पोलीस मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात देतात. त्यापूर्वी दहन केल्यास कुटुंबावरच पुरावा नष्ट केल्याचा संशय येऊ शकतो.

स्मशानभूमीतील व्यवस्था

डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि मृताचे ओळखपत्र दाखविल्यावर अंत्यसंस्काराचा पास मिळतो. काही शहरांत तो पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, तर काही ठिकाणी स्मशानभूमीतील कार्यालयातच दिला जातो. शववाहिनीसाठी पालिका तसेच स्थानिक सेवाभावी संस्थांकडे चौकशी करता येते. परगावचे नातेवाईक येईपर्यंत देह ठेवण्यासाठी शीतपेटी भाड्याने मिळते किंवा रुग्णालयाच्या शवागाराची मदत घेता येते.

दहनाचे प्रमुख प्रकार तीन : लाकडाची चिता, विद्युतदाहिनी आणि गॅसदाहिनी. पारंपरिक सरणास साधारणपणे ३०० ते ५०० किलो लाकूड लागते आणि अग्नी पूर्ण शांत होण्यास बराच अवधी जातो. दाहिनीत दहन साधारण एक ते दोन तासांत होते, लाकूड वाचते आणि पावसाळ्यातही अडचण येत नाही. तिरडी, मडके, मंत्राग्नी आदी विधी दाहिनीपूर्वीही करता येतात. मृताच्या शरीरात पेसमेकर असल्यास ते डॉक्टरांकडून आधी काढून घ्यावे; उष्णतेने त्याची बॅटरी फुटू शकते. अंगावरील दागिनेही घरीच उतरवून ठेवावेत.

अग्नी कोणी द्यावा?

ज्येष्ठ पुत्राने अग्नी द्यावा, असा रूढ संकेत आहे. मात्र कन्या, पत्नी किंवा अन्य आप्ताने अग्नी देण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. जून २०१४ मध्ये परळी येथे गोपीनाथ मुंडे यांच्या पार्थिवास त्यांच्या कन्या पंकजा यांनी, तर १७ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीत माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या पार्थिवास त्यांच्या मानसकन्या नमिता यांनी अग्नी दिला. विधींचे स्वरूपही समाजागणिक वेगळे असते. बौद्ध कुटुंबांत त्रिशरण-पंचशीलाच्या पठणाने निरोप दिला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले होते. लिंगायत समाजात मात्र दफनाची प्रथा आहे. मृताने हयातीत इच्छा सांगून ठेवली असल्यास कुटुंबातील मतभेद टळतात.

अस्थी आणि पुढील विधी

लाकडाच्या चितेनंतर राख सावडण्याचा विधी बहुधा तिसऱ्या दिवशी, तर अनेक शहरांत दुसऱ्याच दिवशी होतो. दाहिनीतील अस्थी काही तासांतच मिळू शकतात. नाशिकचे रामकुंड, पंढरपूरची चंद्रभागा, प्रयाग, हरिद्वार अशा ठिकाणी अस्थिविसर्जनाची परंपरा आहे. नद्यांचे प्रदूषण लक्षात घेऊन काही कुटुंबे शेतात किंवा घराच्या आवारात रक्षा मातीत मिसळून तेथे झाड लावतात. विमानाने अस्थी नेताना मृत्यूचा व दहनाचा दाखला जवळ ठेवावा.

मृत्यूची नोंदणी

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे. रुग्णालयातील मृत्यूची खबर रुग्णालयाने, तर घरातील मृत्यूची खबर कुटुंबप्रमुखाने किंवा निकटच्या नातेवाइकाने द्यावयाची असते. २१ दिवसांनंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यानंतर एक वर्षापर्यंत वरिष्ठ निबंधकांची लेखी परवानगी आणि एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक बाब विशेष ध्यानी ठेवावी. नोंदणी मृत्यू झालेल्या ठिकाणी होते. मूळ गावी किंवा दहनाच्या ठिकाणी नव्हे. सांगलीच्या रहिवाशाचा मृत्यू बंगळुरूच्या रुग्णालयात झाला आणि दहन सांगलीत झाले, तरी दाखला बंगळुरूच्याच निबंधकाकडून घ्यावा लागतो. पार्थिव गावी नेण्याच्या घाईत प्रमाणपत्राची प्रत आणि रुग्णालयाचा नोंद क्रमांक घेण्याचे राहून जाते व पुन्हा त्या शहराची वारी घडते.

कुटुंबातील एका व्यक्तीने केवळ कागदपत्रांची जबाबदारी उचलावी आणि प्रत्येक दाखल्याच्या काही प्रती काढून ठेवाव्यात. त्यामुळे इतरांना अखेरच्या निरोपासाठी पार्थिवाजवळ थांबता येते.