अंगावरून वारं गेलं

चांगल्या धडधाकट माणसाचा हातपाय एका रात्रीत लुळा पडला, की आपल्या खेड्यात म्हणतात, ‘त्याच्या अंगावरून वारं गेलं.’ हे वारं आलं कुठून, याचा आज थोडा माग काढू.

मुळात हे शिवारातलं वारं नव्हेच. आयुर्वेदाने शरीरातले तीन दोष मानले : वात, पित्त आणि कफ. हालचाल चालवतो तो वात, म्हणजेच वायू. तो बिघडून अर्धे अंग निकामी झाले, की तो ‘अर्धांगवायू’. पण बोलता बोलता आतल्या वायूचे बाहेरचे वारे झाले. मग ते कुणी सोडले, कुणाची करणी, अशा शंका निघाल्या आणि पावले देवऋष्याकडे वळू लागली.

दुसरा शब्द ‘पक्षाघात’. तो सुश्रुतसंहितेत आहे. पक्ष म्हणजे बाजू. एका बाजूवर झालेला आघात तो पक्षाघात. ‘लकवा’ हा शब्द अरबी. तो फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आला. अरबीत त्याचा अर्थ तोंड वाकडे होणे एवढाच. आपण तो साऱ्या अंगाला लावला. डॉक्टरांचा ‘पॅरालिसिस’ मूळचा ग्रीक. त्यात सैल पडण्याचा, सुटण्याचा भाव आहे.

पाहा, कुणाला वारा दिसला, कुणाला प्रहार, कुणाला वाकडे तोंड, तर कुणाला सुटलेला सांधा. जे डोळ्यांना दिसले त्याचे नाव पडले. दुखणे मात्र डोक्यात होते. इ. स. १६५८ मध्ये वेप्फर नावाच्या स्विस वैद्याने मृतदेह तपासून दाखवले, की असा झटका मेंदूतल्या रक्तस्रावाने येऊ शकतो. पुढे कळले, की बहुतेक वेळा रक्ताची गाठ मेंदूतली वाहिनी अडवते.

ही गाठ विरघळवणारे औषध आज आहे. पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि रक्तस्राव आहे की गाठ, हे आधी तपासावे लागते. म्हणून तोंड वाकडे झाले, हात उचलेना, जीभ अडखळली, तर मालिश करीत बसू नका. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा आणि मोठे रुग्णालय गाठा.

गुरुजींनी एवढे मुलांना जरूर सांगावे. ‘वारं गेलं’ हा शब्द आजीच्या तोंडी राहू द्या. वेळ मात्र वाऱ्यावर सोडू नका.