पाळीबदलाचे शास्त्र: महाड-पोलादपूरच्या रुग्णालयांतील ‘ओव्हर’विषयी

१. विषय आणि प्रमेय

पाळी संपताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरच्या हाती रुग्णांचा ताबा देते. वॉर्डाच्या बोलीत याला ‘ओव्हर देणे’ म्हणतात. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्या धरल्या, तर एका रुग्णाचा ताबा दिवसातून तीनदा बदलतो. तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय भरलेले असेल, तर दिवसाला नव्वद वेळा असे घडते. इतक्या वेळा होणारी दुसरी कृती रुग्णालयात क्वचितच सापडेल. इंजेक्शन कसे द्यावे, जखम कशी बांधावी याचे रीतसर शिक्षण मिळते. ओव्हर मात्र बहुतेक जणी वरिष्ठ सिस्टर कशी देते ते बघून शिकतात.

या लेखाचे प्रमेय असे: ओव्हर ही उपचाराचीच एक पायरी आहे आणि तिचा मजकूर त्या भागातल्या आजारांवरून ठरला पाहिजे. परदेशी नमुन्यातून सांगाडा घेता येतो, पण त्यात काय भरायचे हे महाड आणि पोलादपूरच्या वॉर्डांनाच ठरवावे लागेल.

२. महाडने जगाला दिलेला पुरावा

पुराव्यावर आधारलेली शुश्रूषा म्हटले की मोठ्या शहरातले मोठे रुग्णालय डोळ्यांसमोर येते. महाड तालुक्याचा अनुभव वेगळा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने कोकणात लहान मुले आणि धडधाकट माणसे दगावत होती. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता ही लक्षणे पुढच्या धोक्याची सूचना देतात, असे त्यांनी खाटेशेजारच्या निरीक्षणांतून दाखवले. १९८२ साली ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केले. प्राझोसिन या स्वस्त गोळीच्या वापराविषयीचा त्यांचा लेख त्याच नियतकालिकात १९८६ साली आला. पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह महाडमध्येच त्यांनी ७० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी केली. ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८.

डॉक्टर या चाचणीतून औषधाविषयी शिकले. सिस्टरांसाठीही तिच्यात धडा आहे. चाचणीची कसोटी दहा तासांची होती, आणि दिवसाची पाळी त्याहून लहान असते. म्हणजे दिवसा दाखल झालेला रुग्ण बरा झाला की नाही हे ठरेपर्यंत त्याची सिस्टर बहुधा बदललेली असते. पाहायच्या खुणा घाम, लाळ, हातापायांचा गारवा, नाडी आणि रक्तदाब या होत्या. त्यांना महागडे यंत्र लागत नाही, पण एकाच खुणेची दोन वेळांची तुलना लागते. पाय गार आहेत, एवढे कळून भागत नाही. तीन तासांपूर्वी गारवा गुडघ्यापर्यंत होता आणि आता घोट्यापर्यंत आहे, यातून रुग्ण सुधारत असल्याचे कळते. ही तुलना दोन पाळ्यांमध्ये विभागली गेली की तिचा सगळा भार ओव्हरवर येतो.

३. माहिती नेमकी कुठे गळते

‘ब्रिटिश जर्नल ऑफ नर्सिंग’मध्ये २००५ साली पॉथियर आणि सहकाऱ्यांचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. बारा काल्पनिक रुग्णांची माहिती लागोपाठ पाच वेळा एका परिचारिकेकडून दुसरीकडे देण्यात आली. निव्वळ तोंडी सांगितलेली सगळी माहिती तिसऱ्या फेरीपर्यंत नाहीशी झाली. ऐकताना टिपणे घेतली तरी पाच फेऱ्यांनंतर ३१ टक्केच माहिती बरोबर पोचली. छापील तक्ता हातात ठेवून सोबत तोंडी सांगितले, तेव्हा गळती नगण्य राहिली. प्रयोग लहान होता आणि रुग्ण खरे नव्हते. तरीही पाच फेऱ्या म्हणजे दोन दिवसांहून कमी काळ, हे विसरता येणार नाही.

गळणाऱ्या माहितीचे तीन प्रकार करता येतात. पहिला, वेळ. ‘प्राझोसिन दिली’ हे पुढे जाते, ‘पाच वाजता दिली, आठला द्यायची’ हे जात नाही. दुसरा, कारण. ‘आडवे ठेवा’ हे पुढे जाते. पण पहिल्या गोळीनंतर उभे केल्यास रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून आईने मुलाला कडेवर घ्यायचे नाही, हे मागे राहते. कारण माहीत नसलेली सूचना नातेवाइकांच्या आग्रहापुढे टिकत नाही. तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा: राहिलेले काम. केसपेपरवर झालेल्या कामाची नोंद असते. न झालेल्या कामाला तिथे जागाच नसते, ते जाणाऱ्या सिस्टरच्या डोक्यात असते आणि तिच्याबरोबर घरी जाते.

समजा, सायंकाळी पाचला विंचू चावलेले मूल दाखल झाले आणि आठला पाळी बदलली. ‘तीन नंबरला विंचूदंश, गोळी दिली, बरा आहे’ हा ओव्हर खोटा नाही, पण निरुपयोगी आहे. उपयोगी ओव्हर असा असेल: ‘तीन नंबर, सहा वर्षांचा मुलगा, साडेचारला विंचू चावला. दोन उलट्या झाल्या. पाचला पहिली गोळी दिली, आठची तुम्ही द्यायची. पावणेआठला पाहिले तेव्हा पाय घोट्यापर्यंत गार, घाम कमी. खोकला किंवा धाप दिसली तर लगेच डॉक्टरांना बोलवा. आडवाच ठेवा, आईला सांगितले आहे.’ हे बोलायला अर्धा मिनिटही लागत नाही.

४. पुरावा किती भक्कम आहे

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेच्या उपायांमध्ये ताबा देतानाच्या संवादाचा समावेश केला आणि ‘एसबार’ पद्धतीची शिफारस केली. आताची स्थिती, पार्श्वभूमी, आपले मूल्यमापन आणि काय करावे याची सूचना हे तिचे चार टप्पे. तिचे मूळ अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमध्ये आहे. ‘आय-पास’ या दुसऱ्या पद्धतीत आजाराची तीव्रता, थोडक्यात माहिती, करायच्या कामांची यादी, बिघडले तर काय करायचे आणि शेवटी घेणाऱ्याने ऐकलेले परत बोलून दाखवणे हे पाच भाग असतात. तिचा नऊ रुग्णालयांतला अभ्यास २०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. त्यात १०,७४० रुग्ण-दाखल्यांची नोंद होती. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी घटली. ओव्हरला लागणारा वेळ मात्र लक्षणीय वाढला नाही.

इथे सावध राहायला हवे. आय-पासचा हा अभ्यास अमेरिका आणि कॅनडातल्या शिकाऊ डॉक्टरांवर झाला होता, परिचारिकांवर नाही. परिचारिकांच्या ओव्हरची कोणती शैली श्रेष्ठ, याचा धांडोळा कॉक्रेनच्या समीक्षकांनीही २०१४ सालीच घेतला. त्यांच्या कडक निकषांत बसणारा एकही अभ्यास त्यांना सापडला नाही. एसबारविषयीच्या अभ्यासांचा २०१८ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये आलेला आढावा मध्यम दर्जाचा पुरावा असल्याचे सांगतो, आणि तोही विशेषतः फोनवरच्या संवादाबाबत.

म्हणून अमुकच फॉर्म शास्त्रसिद्ध आहे, असा दावा कोणी करू नये. तीन गोष्टींकडे मात्र हा पुरावा निश्चित कल दाखवतो: ठरलेला क्रम असावा, तोंडी सांगण्याला लेखी आधार असावा आणि घेणारीने परत बोलून दाखवावे.

५. स्थानिक मजकूर

आता सांगाड्यात काय भरायचे ते पाहू. विंचूदंशाचे वर आलेच. आणखी दोन उदाहरणे घेऊ.

सर्पदंश. भातलावणीपासून कापणीपर्यंत या भागात घोणस, फुरसे, मण्यार, नाग यांच्या दंशाचे रुग्ण येत राहतात. रक्त गोठते की नाही हे कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवून पाहतात आणि प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी चाचणी पुन्हा करतात. हे सहा तास बहुधा पाळीबदल ओलांडून जातात. पहिली चाचणी किती वाजता झाली, पुढची किती वाजता करायची, प्रतिविषाच्या किती कुप्या गेल्या, हे तीन आकडे ओव्हरमध्ये नसतील तर पुढचा निर्णय अंधारात होतो. मण्यारीच्या दंशाची जागा कित्येकदा दिसतही नाही. तिथे पापण्या जड झाल्या का, गिळता येते का, श्वास कसा आहे, हे दोघींनी मिळून खाटेशी पाहिले पाहिजे.

झटके येणारी बाळंतीण. मॅग्नेशियम सल्फेटची पुढची मात्रा दर चार तासांनी स्नायूत देतात आणि प्रसूती किंवा शेवटचा झटका यांपैकी जे नंतरचे असेल, तिथपासून २४ तास उपचार चालू ठेवतात. प्रत्येक मात्रेआधी तीन गोष्टी तपासायच्या असतात: गुडघ्यावर टिचकी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का आणि चार तासांत निदान १०० मिली लघवी झाली का. चोवीस तास म्हणजे तिन्ही पाळ्या आल्या. लघवीच्या पिशवीवर शेवटची खूण कोणी आणि किती वाजता केली हे सांगितले नाही, तर तिसरी तपासणी अशक्य होते.

या सर्वांतून एक सामान्य नियम निघतो. ओव्हरचे केंद्र निदान नसून पुढचे काम आणि त्याची वेळ हे असावे. तक्त्यात पाच रकाने पुरेत: रुग्ण व आजार, शेवटच्या पाहणीतल्या खुणा वेळेसह, पुढचे काम वेळेसह, धोक्याची खूण, घेणारीची सही.

६. गाव बदलताना

पोलादपूर हे आंबेनळी आणि कशेडी या दोन घाटांच्या पायथ्याचे गाव. इथला गंभीर रुग्ण महाडला, तिथून माणगावला, पुढे अलिबागला किंवा मुंबईला जातो. या साखळीत सिस्टर बदलते, डॉक्टर बदलतो, रुग्णवाहिका बदलते. कायम सोबत असतो तो नातेवाईक, आणि त्याला ‘कसलेसे इंजेक्शन दिले’ एवढेच ठाऊक असते. रेफरच्या चिठ्ठीवर निदान आणि ‘पुढील उपचारांसाठी’ हे ठरीव शब्द असतात. तिथे शेवटच्या औषधाची वेळ, दंश किंवा अपघाताची वेळ आणि वाटेत पाहायची खूण या तीन ओळी वाढवल्या, तर पुढच्या रुग्णालयाचा पहिला अर्धा तास वाचू शकतो. जोडीला फोन करावा. एसबारचा पुरावा फोनवरच्या संवादातच जास्त आहे, हे इथे कामी येते.

कागदाचा आग्रह आणखी एका कारणासाठी. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथेही दरडी आल्या आणि महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. अशा वेळी वीज आणि मोबाइल दोन्हींचा भरवसा धरता येत नाही. संगणकावरची नोंद चांगलीच, पण पेन्सिलीने भरता येणारा तक्ता प्रत्येक वॉर्डात असलाच पाहिजे.

७. आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. एका सिस्टरकडे भरलेला वॉर्ड असताना ही नवी लिखापढी कशाला? आक्षेप खरा आहे. रिक्त पदे भरणे हे शासनाचे काम आहे आणि कोणताही तक्ता त्याची भरपाई करू शकत नाही. म्हणूनच सर्व रुग्णांचा सविस्तर ओव्हर अपेक्षित नाही. स्थिर रुग्णांना एक ओळ आणि वेळेशी बांधलेल्या रुग्णांना अर्धा मिनिट, अशी विभागणी करता येते. मनुष्यबळ कमी असेल तिथे राहिलेले काम विसरण्याची शक्यता जास्त, हेही लक्षात घ्यावे.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. खाटेशी ओव्हर दिला तर शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक ऐकतात. लहान गावात सगळे ओळखीचे असतात. एचआयव्ही, गर्भपात, विषप्राशनाचा संशय या गोष्टी सिस्टरांच्या टेबलाशी हलक्या आवाजात सांगाव्यात. खाटेशी खुणा, सलाइन, नळ्या आणि वेळा पाहाव्यात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. तक्ता आला की सह्या होतील, काम होणार नाही. शासकीय रुग्णालयांसाठीच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानकांत पाळीबदलाच्या ओव्हरची अपेक्षा आधीच नोंदलेली आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी रजिस्टर भरून ती पूर्ण केल्याचे दाखवता येते. यावर उपाय म्हणजे सह्या मोजणे सोडून परिणाम मोजणे.

८. मोजमाप आणि निष्कर्ष

परिणाम मोजायला मोठा अभ्यास लागत नाही. परिसेविकेने दर आठवड्याला दहा केसपेपर काढावेत आणि प्रत्येक पाळीबदलाच्या आगेमागे दोन तासांत देय असलेली कामे वेळेच्या अर्ध्या तासात झाली का ते पाहावे. तक्ता सुरू करण्याआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे हीच मोजणी करावी. आधीचा आकडा हाती नसेल, तर सुधारणा झाली असे म्हणण्याला आधार राहत नाही. सुधारणा दिसली नाही तर रकाने बदलावेत, आणि ते सिस्टरांशी बोलूनच बदलावेत, कारण कोणता रकाना रिकामा राहतो आणि का, हे त्यांनाच माहीत असते.

बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात शास्त्र उभे राहिले ते खाटेशी बसून, वेळ लिहून, पुन्हा पाहून. नाडी, घाम आणि गार पाय यांच्या काटेकोर नोंदींनी विंचूदंशाचा उपचार बदलला. ही शिस्त एका डॉक्टरपुरती न राहता दर पाळीची सवय झाली, तर तिला ओव्हरची सुधारणा म्हणता येईल. महाड आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांनी एका वॉर्डापासून, एका तक्त्यापासून सुरुवात करावी आणि चार आठवड्यांनी आपले आकडे जिल्ह्यापुढे ठेवावेत.