ब्रुगेलचे डोंगर

अँटवर्पच्या सपाट मुलखातून पीटर ब्रुगेल १५५२ च्या सुमारास इटलीस गेला. परतला तो डोळ्यांत आल्प्सचे कडे साठवून. मग त्याने काढलेली निसर्गचित्रे कोणत्याही नकाशावर सापडत नाहीत. डोंगर आल्प्सचे, पायथ्याची घरे मायदेशीची! कल्पनेलाही कच्चा माल लागतो, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

१५५५-५६ च्या सुमारास हिएरोनिमस कॉकने ही चित्रे छापून प्रसिद्ध केली. छापांवर चित्रकाराचे नाव आहे, प्रकाशकाचेही आहे. तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघ ओढून ती तेजाबाने कोरणाऱ्या कारागिरांचे मात्र नाही. ते डूटेकम बंधू होते, असे अभ्यासकांनी पुढे कामाच्या धाटणीवरून ठरविले. प्रतिभा ब्रुगेलचीच, पण ती लोकांपर्यंत पोचली या हातांनी. इतिहासाने त्यांचीही हजेरी मांडली पाहिजे.